फाशीचा पट्टा

खंडोजीनं पट्टा जयसिंगरावांच्या कमरेभोवती फिरवला, टोक बक्कलातून ओढलं आणि खिळा भोकात न अडकवता ते नुसतंच आत खोचून दिलं. वरून कोट नीट केला. मागच्या चिरेतून पट्ट्याची लोखंडी कडी तेवढी बाहेर राहिली.

"स्वल्प घट्ट करू?"

"सरी आहे, अण्णा, एवढा पुरे," जयसिंगराव म्हणाले.

येलहंक्याच्या सभागृहात मराठी नाट्यमंडळाच्या नाटकाचा शेवटचा अंक चालू होता. या अंकात कैद्याला फाशी होते. फाशी देणारा कैद्याच्या गळ्यात फास घालतो आणि लोकांना दिसू न देता दोराचा हूक पाठीमागच्या कडीत अडकवतो. स्टूल सरकलं की भार पट्ट्यावर येतो, मान मोकळी राहते. दोराचं दुसरं टोक आढ्याच्या कप्पीवरून विंगेत येतं, तिथल्या खुंटीला. त्या खुंटीशी खंडोजीची जागा.

याच नाटकात कधीकाळी त्याचा धाकटा भाऊ सयाजी कैदी झाला होता आणि जयसिंगराव फाशी देणारे. त्या प्रयोगात भार मानेवर आला. सयाजी वाचला, पण मान वाकडी राहिली आणि आवाज कायमचा गेला. जयसिंगरावांनी सगळ्यांना सांगितलं, हूक मी अडकवला होता, पट्टाच सुटला. पट्टा बांधणारा खंडोजी. त्यानं देवाशपथ सांगून पाहिलं. पण चिकपेटेच्या बाजारात दोरखंड विकणाऱ्याचं ऐकायचं, की मंडळाच्या नायकाचं?

सयाजीला पाठीमागचं काय दिसणार? त्यानंही लोकांचंच खरं धरलं. एका घरात राहून त्यानं थोरल्या भावाच्या हातचं पाणी घेतलं नाही. यंदा दिवाळीनंतर तो गेला. शेवटचं पाणीसुद्धा त्यानं अंबूबाईकडून, खंडोजीच्या बायकोकडून, घेतलं. खंडोजी तांब्या धरून दारातच उभा राहिला होता.

तेराव्याला जयसिंगराव आले. बोलले ते एवढंच, "नाटक पुन्हा बसवतोय. कैदी मी. पट्टा तुम्ही बांधायचा." मंडळात कुणाला ते पसंत नव्हतं, पण ते हटले नाहीत. माणसाला मस्ती तरी किती असावी, असं खंडोजीला वाटलं. मग त्याच्या मनानं घेतलं, की जे न करता आपण भोगलं, ते आता खरंच करावं.

आता एकच धास्ती होती. पट्टा बांधून झाला, की कैदी दोन्ही अंगठे आत घालून हिसका देऊन बघतो. कुणी चुकवत नाही. सयाजीनंही दिला होता. जयसिंगरावांनी हिसका दिला, की पट्टा हातात येणार.

त्यांचे हात कमरेपर्यंत गेले. तिथं थोडे थांबले. मग त्यांनी कोटाची गुंडी लावली आणि हात खाली सोडले.

"येतो, अण्णा."

ही मंडळाची जुनी चाल. मरायला निघालेल्या पात्रानं पट्टा बांधणाऱ्याला येतो म्हणायचं, त्यानं या म्हणायचं, तेव्हाच पाऊल उचलायचं. सयाजीला त्या दिवशी खंडोजीनं "ये" म्हटलं होतं.

आज त्याचे ओठ उघडले नाहीत. रंगमंचावर घंटा वाजली. जयसिंगराव आणखी जरा थांबले, मान हलवली आणि उत्तर न घेताच उजेडात गेले.

खंडोजी खुंटीशी आला. फाशी देणाऱ्या गिरीराजनं फास घातला, हूक नीट अडकवला. पोरगं काळजीनं काम करणारं होतं. जयसिंगराव स्टुलावर उभे राहून शेवटचं भाषण करत होते. आवाज खणखणीत होता. पण कोटाआड पट्टा कमरेवरून खाली घसरल्याचं खंडोजीला दिसलं. उभ्या माणसाला ते कळत नाही, असं होत नाही. एक हात मागं नेला, तर सावरता आला असता.

जयसिंगरावांनी दोन्ही हात पुढं बांधून धरले होते.

यानं हिसका का दिला नाही? पट्टा तुम्हीच बांधायचा, असं का म्हणाला?

गिरीराजचा पाय स्टुलाकडं गेला. दोर सोडला, तर माणूस वाचत होता. पण दोर सुटला, की सुटला कुणाच्या हातून, हे सगळ्या सभागृहाला कळणार होतं. पुन्हा एकदा.

त्यानं खुंटीवरचा वेढा काढला.

स्टूल उडालं. दोर त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला. कातडी सोलून निघाली, तरी त्यानं तो हळूहळूच सोडला. जयसिंगराव गुडघ्यांवर आले, मग कुशीवर. मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळे हसले. पडदा पडला.

"काका, रोप सुटलाच कसा?" दिग्दर्शिका मैत्रेयी धावत आली. "सगळा क्लायमॅक्स गेला."

रंगभूषेच्या सगुणाबाईंनी जमिनीवर पडलेला पट्टा उचलला. बक्कल उघडंच होतं. "दोर कसला, पट्टा बघ. परत यांचाच हात."

खंडोजीनं जळणारे तळवे धोतराला पुसले. "आज मी बांधला नव्हता," तो म्हणाला. "मुद्दाम."

"ठाऊक आहे," जयसिंगराव खालूनच म्हणाले. फास अजून गळ्यात होता. "बक्कल लागलं, की आवाज येतो. आज आला नाही."

मैत्रेयी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. जयसिंगरावांनी फास काढला आणि सगुणाबाईंच्या हातातून पट्टा घेतला.

"त्या दिवशी मात्र आवाज आला होता, सगुणाक्का. पट्टा बांधलेला होता. हूक माझ्याकडून राहिला."

जयसिंगराव हात टेकून उठले.

"पडदा उघड, मैत्रेयी. जुनी माणसं आहेत बाहेर. उठून जायच्या आत त्यांना सांगतो."

"आत्ता? असं?"

"असंच."

दोरी ओढली गेली. पडद्याच्या फटीतून उजेड आत आला, त्याबरोबर लोकांची कुजबुज. जयसिंगराव लंगडत निघाले. खंडोजीसमोर आल्यावर थांबले, आणि त्याच्या तळव्यांकडं बघत म्हणाले,

"येतो, अण्णा."

बाहेर कुणीतरी शिट्टी मारली. खंडोजीनं त्यांच्या कोटावरची धूळ दुखऱ्या हातानं झटकली.

"या," तो म्हणाला.