मानांग लुदींची शनिवारची बैठक

"मी काही बोलणार नाहीये. आई म्हणाली, दोन तास बसून ये, म्हणून आलेय," रिअलिन म्हणाली.

"मग बस की! बसायला कोण नको म्हणतंय?" लुदिविना म्हणाल्या.

एस्तान्सिया बंदरावरच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या. गाव त्यांना मानांग लुदी म्हणे; मानांग म्हणजे थोरली ताई. लसी टोचण्यात आणि बाळंतिणी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. पण आईबाप गमावलेली पोरं डोकेदुखीच्या गोळ्या मागायला वरचेवर येऊ लागली, तेव्हा दुखणं डोक्यात नाही हे त्यांनी ओळखलं. चर्चच्या सभागृहात दर शनिवारी त्यांनी या पोरांची बैठक सुरू केली.

पंधरा वर्षांच्या रिअलिनचे वडील मार्चमध्ये मासेमारीला गेले. होडी परत आली, ते आले नाहीत.

सहा शनिवार ती गप्प बसली. सातव्या शनिवारी मानांग बैठकीतल्या जोबर्ट नावाच्या पोराला म्हणाल्या, "बोल बाबा, मोकळं वाटेल," आणि रिअलिन एकदम उसळली.

"सगळ्यांना बोलायला लावता. तुम्ही कधी बोललात? तुमचं कोण गेलंय?"

मानांगनी पदरचं काहीतरी शहाणपण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माझी आई," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षांची होते मी. तिच्या नव्या चपला मला फार आवडायच्या. ती गेली त्या दिवशी मी त्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. घरभर शोधाशोध झाली. शेवटी तिला अनवाणीच पुरलं. आजवर कुणाला सांगितलं नाही मी."

रिअलिन म्हणाली, "पण मानांग, मेलेल्या माणसाला चपला घालायच्याच नसतात! माझी आजी सांगते, घातल्या तर घरभर पावलं वाजतात."

जोबर्ट फिस्सकन हसला. मग सगळेच हसले. मानांग तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मग घातल्यात का त्या?" रिअलिननं विचारलं.

"तेव्हा मोठ्या व्हायच्या गं. आणि मापाच्या झाल्या, तेव्हा घालवेनात."

मग रिअलिन हळूच म्हणाली, "त्या पहाटे बाबांनी मला हाक मारली होती. जाळं उचलू लाग म्हणून. मी जागी होते. झोपेचं सोंग घेतलं."

'तुझी काही चूक नाही,' हे वाक्य मानांगच्या ओठांवर आलं. कितीजणांना त्यांनी ते सांगितलं होतं! या वेळी त्यांनी ते गिळलं.

"हाक कशी मारायचे गं?"

"लिन-लिन! अशी. अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. लाज वाटायची मला." तिनं वडिलांचा घोगरा आवाज काढून दाखवला. मग रडत, मधेच हसत, ती सांगतच सुटली.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. सभागृह रिकामं करायची वेळ टळून गेली. कुणीच उठलं नाही.