मस्कडाइनचा घोट

ऑस्ट्रेलियातल्या वॉलाँगाँग युनिव्हर्सिटीतल्या वाईन क्लबचा संघ अ‍ॅडलेडच्या स्पर्धेला निघाला होता आणि त्यात एकच जागा उरली होती. स्पृहाचा सगळा जीव त्या जागेत अडकलेला. पण निवडीला किमान दोन उमेदवार हवेत असा नियम निघाला, तेव्हा तिने हृषीकेशचं नाव परस्पर घालून टाकलं.

"तू फक्त ये आणि हर," ती म्हणाली.

हृषीकेश एका पायावर तयार झाला. स्पृहासाठी तो मास्टर्सही सोडून देईल, फक्त हे तिला सांगायची त्याची छाती नव्हती. वाईन त्याने आयुष्यात चाखली नव्हती. महिनाभर तिला द्राक्षांच्या जातींची आणि त्यांच्या वासांची कार्डं मात्र त्यानेच वाचून दाखवली होती.

निवडीच्या दिवशी क्लबप्रमुख गॅरीने कापडात गुंडाळलेली बाटली काढली; चवीवरून द्राक्षाची जात ओळखायची होती. अमेरिकेहून आणलेली, त्यात जेमतेम एका ग्लासापुरती वाईन. "शेअर करा, नो वरीज!"

स्पृहाने ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला आणि ठामपणे सांगितलं, "रिस्लिंग."

वाईन पांढरी होती, म्हणजे आपण लाल वाईनचं 'शिराझ' म्हणून मोकळं व्हायचं, असं हृषीकेशने ठरवलं. ग्लास हातात आला तर काठावर तिच्या लिपस्टिकचा ठसा! आता सगळ्यांदेखत तिचं उष्टं तोंडाला लावायचं? नुसत्या कल्पनेनेच त्याचे कान तापले. शेवटी घरी तांब्यातलं पाणी वरून पितात तसा त्याने ग्लास उंच धरला आणि ओतला. निम्मी वाईन शर्टावर, उरलेली घशातून थेट नाकात. जबरदस्त ठसका लागला, डोळे भरले, आणि नाकात कस्तुरीचा नि अती पिकलेल्या केळ्याचा वास घुमला. महिनाभराची घोकंपट्टी त्याला न विचारताच बाहेर पडली.

"मस्कडाइन!" तो खोकत ओरडला.

गॅरीने कापड ओढलं. लेबलावर तेच नाव होतं. "गुड ऑन या, मेट! तू टीममध्ये!"

हृषीकेश गॅरीकडे वळला. "मी नाही जात. स्पृहाला पाठवा," तो गयावया करू लागला.

"खबरदार!" स्पृहा कडाडली. "दयेची जागा नकोय मला."

तिने ग्लास ओढून घेतला, तळाशी उरलेला थेंब हुंगला. बराच वेळ हुंगला.

"केळं आहे खरं," ती पुटपुटली. मग त्याच्या ओल्या शर्टाकडे बघत म्हणाली, "माझ्यासाठी एक साधं हरायचं होतं रे तुला. तेवढंही जमलं नाही!"