दाताला दुधाचा अभिषेक

श्रावणातल्या सप्ताहात शुक्रवार पेठेतल्या मठात निंगप्पा महाराजांचं कीर्तन म्हणजे आमच्यासाठी घरचं कार्य. महाराज कुंभारीहून येतात, उभे राहतात, आणि पहिला सूर लागला की माणूस चपलांबरोबर संसारही बाहेर काढून आल्यासारखा हलका होतो. त्या संध्याकाळी मार्कंडेयाचं आख्यान होतं. यम आला, पोरानं पिंडीला मिठी मारली, यमानं फास उगारला, आणि महाराज तल्लीन होऊन गर्रकन मागं वळले. मागं सोमेश झांज वाजवत होता. तोही तल्लीन. झांजेची कड थेट महाराजांच्या तोंडावर बसली.

वाजवणं थांबलं. महाराजांनी तोंडाला हात लावला, तर बोटांना रक्त. वरचा पुढचा दात जागेवर नव्हता. तो कमलम्मांच्या पुढ्यात येऊन पडला होता, अख्खा, मुळासकट.

मठातल्या कीर्तनाचा सगळा भार उचलणारी बाई म्हणजे कमलम्मा. त्यांनी दात उचलून कपाळाला लावला. झालं. शेजारणींनी हात जोडले, कुणी ताटली आणली, कुणी त्यात बेलाचं पान घातलं. "आमाला बी दर्शन घेऊ द्या की," म्हणत मागच्या बायका पुढं सरकल्या. मीही नमस्कार केला. ज्या तोंडातून इतकी वर्षं देवाचं नाव आलं, त्यातलाच तो दात.

"पत्र्यावर फेका," मडिवाळप्पा आजोबा म्हणाले. "नवा येतो."

"ते पोरांच्या दुधाच्या दाताचं, आजोबा," सोमेश रडकुंडीला आला होता. "महाराजांचं वय काय, तुमी बोलताय काय."

महाराज खांबाला टेकून बसले होते. "आता कसलं कीर्तन," ते म्हणाले, आणि निम्मे शब्द फटीतून वारा होऊन निघून गेले. उद्या सप्ताहाची सांगता. शब्द असे सुटायला लागले तर पुढं बोलावणार कोण? त्यांचं पोटही त्या तोंडावर, आणि देवही त्याच तोंडात.

कमलम्मांनी विभूतीची चिमूट घेतली. "भुईवर पडलाय. आधी घासून शुद्ध करते, मग बघू."

"अहो, सुनेला तरी विचारा," मी म्हटलं. "घरात दातांची डॉक्टर हाय की."

सून ऋतुजाचा दवाखाना नवी पेठेत. सासूबाईंनी तिला कधी दाढसुद्धा दाखवली नव्हती; लवंग धरून दिवस काढत. पण महाराजांसाठी त्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

"आई, दात कुठाय?"

"ताटलीत. दर्शन चाललंय."

"कुणी घासला नाही ना?"

"घासतेच आहे आता."

"नको. विभूती खाली ठेवा. मुळाला बोट लावू नका, त्यावर जिवंत साल असते. ती गेली की दात गेला. पांढऱ्या बाजूनं धरा. महाराजांना चक्कर, उलटी काही? शुद्धीवर आहेत?"

"शुद्धीवर हायत. रडाय लागलेत."

"मग दुधानं हलकेच धुवा आणि होता तिथं परत बसवा. आत्ताच."

"भुईवर पडलेला परत तोंडात?"

"आई, तुळशीचं रोप उपटलं तर त्याची मुळं घासत बसता, का लगेच मातीत लावता?"

सुनेचं ऐकायचं आणि विभूती बाजूला ठेवायची, दोन्ही एकाच फोनवर. कमलम्मांना ते जड गेलं. पण पिंडीसाठी आणलेलं दूध समोरच होतं, आणि दूध दिसल्यावर त्यांना वाट सापडली. पळीनं त्यांनी दातावर बारीक धार सोडली. बायकांनी आपोआप 'नमः शिवाय' सुरू केलं. "घासायचं न्हाय, नुसता अभिषेक," कमलम्मा सगळ्यांना बजावू लागल्या, जणू ही रीत त्यांच्या माहेरची.

"पाडला मी, लावतो बी मीच," म्हणत सोमेशनं हात धुतले. गुळगुळीत बाजू ओठाकडं, असं ऋतुजा सांगत होती. महाराज कण्हले. दात बसला. वर धुतलेल्या उपरण्याचं टोक चावायला दिलं.

"धरून ठेवा," फोनमधून हुकूम आला. "दवाखान्यात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही."

महाराजांना असं आयुष्यात कुणी सांगितलं नसावं.

धुळाची रिक्षा मठाच्या दारातच होती. तो बाहेर बसून भोंग्यावर आख्यान ऐकत होता. महाराज मध्ये, एका अंगाला कमलम्मा, दुसऱ्या अंगाला मी. नवी पेठेत साड्यांच्या दुकानांपुढं ही गर्दी, रिक्षा हलेना.

"महाराज," धुळा आरशात बघून म्हणाला, "भोंगा मधीच बंद पडला. यमानं नेलं व्हय पोराला?"

महाराजांच्या घशातून आवाज निघाला. कमलम्मांनी त्यांची हनुवटी धरली. "सुम्न कुंदरी. गप बसा, मी सांगते. धुळा, शंकर पिंडीतनं बाहेर आला आणि यमाला म्हणला, पोर लहान हाय, उद्या ये."

महाराजांनी डोळे वटारले.

"मग उद्या आला?"

"आला की. बघतोय तर दाराला कुलूप."

महाराजांना राहवेना. त्यांनी बसल्या बसल्या लाथ झाडून दाखवली, ती माझ्या नडगीवर बसली.

"लाथ," मी पाय चोळत म्हटलं. "शंकरानं यमाला लाथ घातली, धुळा. तिथल्या तिथं."

महाराजांनी समाधानानं मान हलवली.

"मी आपलं गोडीनं मिटवत होते," कमलम्मा म्हणाल्या.

ऋतुजा हातमोजे घालून दारातच उभी होती. तिनं दाताचा फोटो काढला, शेजारच्या दातांना तो बारीक तारेनं बांधला. "वेळेत आणलात. घासला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." कमलम्मा छताचा पंखा बघत राहिल्या. "मऊ खायचं. दात मूळ धरतोय का, ते काही दिवसांनी कळेल."

महाराजांनी हवेत चिपळ्या वाजवून दाखवल्या. उद्या?

"उद्या बसून, हळू आवाजात. आणि मी समोर असणार, दातावर लक्ष ठेवायला."

दुसऱ्या दिवशी महाराज इतके हळू बोलले की भोंगा असून लोक पुढं सरकले, मांडीला मांडी लावून बसले. एरवी मागं लग्नं जमतात, भाजीचे भाव निघतात. त्या दिवशी कुणी खोकलं नाही. देव शेजारी येऊन बसल्यावर माणूस जसा जपून श्वास घेतो, तसं झालं सगळ्यांचं. पहिल्या रांगेत ऋतुजा, नजर महाराजांच्या ओठांवर. आख्यान रंगत गेलं तशी तिची मान डोलायला लागली.

आरती झाल्यावर महाराज तिच्यापुढं वाकले. "दात कसा वाटला, डॉक्टरीणबाई?"

ती दचकली. "दात बघायचा राहिलाच," ती म्हणाली. "परत सुरुवातीपासून सांगता का?"