ठमीच्या मांडीचं माप

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. पंधरा वर्षं मी टेलरबाईंच्या गळ्यात राहिले. गिऱ्हाइकं माझ्यासमोर पोट आत ओढून उभी राहायची आणि वर मलाच खोटं पाडायची. माणसांबद्दल माझं मत तेव्हापासूनच बरं नव्हतं. ठमीच्या वेळी ते पार रसातळाला गेलं.

ठमी ही टेलरबाईंची आठ महिन्यांची मुलगी. तिची चड्डी शिवताना बाईंनी मला तिच्या एका मांडीभोवती धरलं, मग दुसरीभोवती. डावी इंचभर जास्त भरली. आत कडक गाठ लागत होती.

"गुटगुटीत आहे पोर," ठमीची आत्या म्हणाली. "आई असून नजर लावतेस?"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तर हातही लावला नाही. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "चरबीची गाठ. जिरेल आपोआप." त्यांची पदवी भिंतीवर टांगलेली होती. भिंतीचा पोपडा झाकायला बरी होती.

बाईंनी वाद घातला नाही. दर सोमवारी मोजून त्या कापडाच्या चिंधीवर खडूने आकडा लिहीत. तीन आठवड्यांत आणखी पाऊण इंच वाढलं, तेव्हा ठमीला कडेवर घेऊन त्यांनी थेट मुलांचं मोठं इस्पितळ गाठलं.

तिथल्या सर्जनबाईंनी गाठ चाचपली, चिंधी वाचली. "हे कुणी मोजलं?"

"मीच. शिवणकाम करते."

"बरं केलंत, थांबला नाहीत."

गाठीचा तुकडा तपासला. कर्करोग निघाला. स्नायूंसारख्या मऊ भागात होणारा, तान्ह्या बाळांत क्वचितच दिसणारा. टेलरबाई बाकावर बसल्या. रडल्या नाहीत, पण गळ्यातल्या मला मुठीत असं आवळलं की माझी कड उसवली.

आधी औषधांनी गाठ लहान केली. ठमीचे केस गेले, हसणं गेलं. माझ्यावरचा आकडा मात्र हळूहळू उतरत गेला. मग शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला. दीड वर्षाची ठमी जरा लंगडत, पण स्वतःच्या पायांनी शिलाई मशीनपर्यंत चालत आली.

आता आत्या सगळ्यांना सांगते, "गाठ पहिल्यांदा माझ्याच हाताला लागली." आणि डॉक्टर म्हणतात, "मला तेव्हाच शंका आली होती." लाज मोजायची टेप कुणी अजून बनवलेली नाही, हे त्यांचं नशीब.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. टेप दुसरी मिळते. पण उद्या तुम्हीही कुणाचे काका, आत्या, डॉक्टर व्हाल. एखादी आई 'काहीतरी बिनसलंय' म्हणाली, तर आधी बाळाला नीट बघा. तेवढंही जमत नसेल, तर निदान गप्प बसा.