आडव्या उजेडातली पावलं

संध्याकाळचे सात वाजले आणि गर्दीतून कुणीतरी किंचाळलं, "आली! सगुणाबाय आली!"

रत्नागिरीच्या बाजारातल्या त्या व्यापारी इमारतीत, तळमजल्याच्या लांब बोळात, काळ्या चकचकीत लादीवर अनवाणी पावलं दिसत होती. दिवसभर लादी लख्ख आणि दिवेलागणीला पावलं, असं सलग आठ दिवस चाललं होतं. एकामागे एक ती बोळाच्या टोकाला, बादल्यांच्या खोलीपर्यंत गेली होती. परत आलेलं एकही नव्हतं.

गर्दीत पुढे निशिगंधा उभी होती. ती खोली तिच्या आईची. एकवीस वर्षं सगुणाने ही लादी पुसली आणि महिन्यापूर्वी त्याच दाराशी ती कोसळली. दहाव्याला घरी दिव्याखाली पीठ पसरलं होतं. गेलेल्याचं पाऊल त्यावर उमटतं म्हणतात. पीठ कोरंच राहिलं. "गेली नाय गो ती," शेजारीण पुटपुटली होती. चिपळूणच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या निशिगंधाने तेव्हा रागाने मान फिरवली होती. आज ती फिरेना.

"सरका, सरका!" रावजी भगत घंटा वाजवत पुढे आला. "मुंबईत सातव्या मजल्यावरचं भूत मी लिफ्टनं खाली आणलंय. हे तर तळमजल्याचंच!"

कुणीही हसलं नाही.

कापड दुकानवाला विनोद हात जोडून म्हणाला, "काय ते लवकर करा. आठ दिवस गिऱ्हाईक आत पाय ठेवत नाय."

रावजी भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "डोळे मिटा! तिसऱ्या घंटेआधी जो उघडील, त्याच्या घरी बाय वस्तीला जाईल!"

सगळ्यांनी गच्च डोळे मिटले. गाऱ्हाणं सुरू झालं. "या जागेच्या राखणदारा म्हाराजा, ही बाय वाट चुकली असंल..."

"व्हय म्हाराजा!"

निशिगंधाला डोळे मिटवेनात. आई जाताना एकदा दिसली तर? ती बघत राहिली. आई दिसली नाही. दिसला तो रावजीचा डावा हात. घंटा घणघणताच तो पाठीमागच्या बटणांवर गेला.

"उघडा डोळे!"

पावलं नाहीशी झाली होती. बोळ पांढरा झगझगीत. "देवाने उजेड पाडला!" बायका रडायला लागल्या.

"पण उद्या परत येईल," रावजी म्हणाला. "बाय, आईची वहाण आणलीस? उंबऱ्यावर ठेव, नि खिळा ठोक. पोटच्या पोरीच्या हातचा लागतो. मग ती इथंच जखडली, हलायची नाय."

अंगठ्याशी झिजलेली वहाण तिच्या हातात होती. कुणीतरी दुसऱ्या हातात हातोडा दिला. "ठोक गो," विनोद काकुळतीला आला होता. "आमच्या पोटाकडे बघ."

तिने हातोडा उचलला आणि तिला आई आठवली. वहाण दाराबाहेर काढून, पदर खोचून, मागे मागे सरकत पुसणारी आई. ओल्या लादीवर ती कधी पाय देत नसे. शेवटी बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून वाकून बघे. 'वरच्या दिव्यात सगळंच स्वच्छ दिसतं गो. लबाडी आडव्या उजेडात कळते.'

"ही पावलं आईची नाहीत," ती म्हणाली. "तिची पावलं उरायचीच नाहीत."

"झपाटली!" रावजी ओरडला.

ती बटणांकडे गेली. वरच्या ट्यूब बंद, भिंतीच्या पायाशी बसवलेली दिव्यांची पट्टी चालू. पावलं आली. पट्टी बंद, ट्यूब चालू. गेली. पुन्हा केलं. पुन्हा. पाचव्या वेळी लोकांनी किंचाळणं सोडलं.

"विनोदभाऊ, ही शोभेची पट्टी कधी बसवली?"

"झाले की... आठ दिवस. सांजेला तीच लावतो, ट्यूब नाय."

"आता लादी कोण पुसतं?"

धाकू पुढे आला. "मीच. फिनेल जास्त घालतो, वास बरा येतो म्हणून."

"वरून साधं पाणी?"

"नाय."

"आणि पुसत पुढे जातोस. मग ओल्यातून चालत बादली ठेवायला, आणि परत येतोस लादी सुकल्यावर?"

धाकूने पाऊल लादीवरच्या ठशाशेजारी टेकवलं. तंतोतंत. "म्हणजे आठ दिस मी माझ्याच पायांना भितोय?"

आता हशा पिकला. रावजीने घंटा पिशवीत कोंबली. तो दाराकडे निघाला तेव्हा कुणी वाट अडवली नाही, कुणी नमस्कारही केला नाही.

फिनेलचा थर लादीवर सुकतो, त्यात पाऊल उमटतं. दिवसाच्या, डोक्यावरच्या उजेडात लादी चकाकते आणि ठसा दिसत नाही. उजेड जमिनीलगत आडवा आला की तोच ठसा उठून दिसतो. एवढंच. एवढ्यासाठी एक मुलगी आपल्या आईला खिळा ठोकणार होती.

म्हणून सांगणं इतकंच: भीती वाटली तर वाटू द्या, पण डोळे मिटू नका. दिवा हलवून बघा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितले, तर त्याच्या हातांकडे बघा.

निशिगंधाने साध्या पाण्याची बादली भरली. आईची वहाण दाराबाहेर ठेवली, पदर खोचला आणि खोलीपासून दारापर्यंत मागे मागे सरकत लादी पुसत आली. दाराशी तिने ट्यूब बंद करून पट्टी लावली. आडव्या उजेडात लादी कोरी होती.

त्या कोऱ्या लादीकडे ती बराच वेळ बघत राहिली. मागे पाऊल न ठेवता जाणं हीच आईची रीत होती; पीठ कोरं राहिल्याची भीती तिथे संपली.