कॅलो फोर्कच्या खेचरांचा दुसरा हंगाम

आमच्या कॅलो फोर्कच्या बेसबॉल संघाचं नाव होतं ‘खेचरं’. खाणीत कोळसा ओढणाऱ्या खेचरांवरून ठेवलेलं. सगळ्यात खालच्या दर्जाच्या लीगमध्ये आम्ही १९५३चा हंगाम पुरा खेळलो आणि पुढचा अर्धा. मी तिसऱ्या बेसवर उभा राहायचो. माझी बायको लुएला सामन्याची नोंद लिहायची. तिला जाऊन सात आठवडे झाले. संघ का बुडाला हे गावात सांगतात, तेव्हा तिचं नाव घेतात. माझा वाटा कुणी सांगत नाही.

दुसऱ्या हंगामातल्या जुलैत एका सामन्यात आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, डेल्मर स्टिडम याने नऊपैकी आठव्या डावापर्यंत समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नव्हती. असे सामने वर्षानुवर्षं होत नाहीत. वरच्या लीगमधल्या एका संघाचा माणूस त्याला बघायला मुद्दाम आला होता. डेल्मरला त्यांनी विकत घेतलं तर त्या पैशावर आपण तगू, असं आमचा मॅनेजर उघड म्हणायचा.

आठव्या डावात एक साधा सरपटी चेंडू माझ्याकडे आला. मी वाकलो. तो हातमोज्याखालून निघून गेला.

चेंडू अडवण्याजोगा असला तर एरर, नसला तर हिट; ते नोंद लिहिणाऱ्याने ठरवायचं. एरर म्हणजे चूक माझी, डेल्मरचा सामना कोराच. हिट म्हणजे मी सुटलो, डेल्मरचं गेलं. माझ्या नावावर तेवीस चुका होत्या. आणखी एक झाली की परत खाणीत जा, असं मॅनेजरने बजावलं होतं. माझा बाप खाणीतच दबून मेला.

लुएलाने हिट लिहिली.

सामना संपताच मॅनेजर तिच्यावर धावून आला. “लुएलाबाई, डोळे घरी ठेवून आलात काय?”

“चेंडू खड्ड्यावरून उसळला,” ती म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. “ऑर्व्हल, तू सांग. उसळला?”

“उसळला,” मी म्हणालो.

वरच्या संघाचा माणूस डेल्मरला न घेताच गेला. खरं तर त्याने सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, तिच्या कागदाशी त्याला काय घेणं? खाणी बंद पडत होत्या, मैदान रिकामं राहत होतं. पण ऑगस्टमध्ये संघ मोडला आणि गावाला नाव घ्यायला कुणीतरी हवं होतं. मी त्याच महिन्यात खाणीत गेलो.

खाटकाच्या हातून मांस पडलं की तो ओरडायचा, “लुएलाबाई, हिट लिहा हं!” दुकानातले सगळे हसायचे. पुढे ती बसने शेजारच्या गावातून मांस आणू लागली. मी ते गुमान खाल्लं. एकेचाळीस वर्षं.

या एप्रिलमध्ये ती अंथरुणाला खिळली होती. मी म्हणालो, “लुए, तो चेंडू उसळला नव्हता.”

“माहीत आहे. मी समोरच बसले होते.”

“मग?”

“खाणीचं नाव काढलं की रात्री दचकून उठायचास.” मग म्हणाली, “लीगकडे नोंदीचा कागद दुसऱ्या दिवशी तीनच्या टपालाने जायचा. तोवर बदलता येत होता. मी टेबलावरच ठेवला होता. वाटलं, तू येऊन सांगशील.”

“मी दुपारी जेवायला आलो होतो ना.”

“हो. दोनदा वाढून घेतलंस.”

ती भिंतीकडे वळली. चार दिवसांनी गेली.

दफनानंतर चर्चच्या पायरीवर एल्झी भेटला. आमचा कॅचर, पिचरचे चेंडू झेलणारा; संघातला आता तो आणि मी एवढेच उरलोय. मी त्याला सांगितलं, “ती एरर होती, एल्झी. मी खोटं बोललो.”

त्याने डोक्यावर टोपी चढवली. “म्हणजे लिहिलं खोटंच होतं ना तिने? अरे, तेच तर आम्ही सगळे म्हणत होतो!”

तसं नाही, असं मी सांगू लागलो. पण तो तोवर पायऱ्या उतरून खाली उभ्या असलेल्या लोकांकडे चालला होता.