मशीन थांबेपर्यंत

“अजिबात हलायचं नाय हां, राजा. मशीन थांबेपर्यंत,” असं म्हणून मायाने पायडल दाबलं.

शिरगावच्या त्या खोलीत ती उल्हासनगरहून येणाऱ्या जीन्सचे खिसे शिवायची. टेबलाखाली सतरंजीवर सहा वर्षांचा प्रज्वल उताणा पडला होता. त्याला ऑटिझम होता; एकही शब्द बोलत नसे. अशा मुलांना ॲक्युपंक्चरच्या सुयांचा फायदा होतो का, हे मेंदूचे फोटो काढून बघणारे डॉक्टर भेटले होते. सुयांच्या आधी पहिला फोटो काढला, तेव्हा त्याने एमआरआयच्या बोगद्यात हातपाय झाडून नुसता गोंधळ घातला. आता सुयांनंतरचा दुसरा फोटो नीट यावा म्हणून मायाने ही तालीम सुरू केली होती. मशीनच्या मोटरची घरघर आणि डोक्यावर टेबलाची फळी. गरिबाच्या घरात बोगदा आणखी कुठून आणायचा?

पूर्वी मशीन सुरू झालं की प्रज्वल धावत यायचा. फळीला गाल लावून त्याच सुरात हुं हुं करायचा. मायलेकांचं बोलणं काय ते तेवढंच होतं.

दुसऱ्या फोटोच्या वेळी पोरगं निपचित पडून राहिलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो पडद्यावर लावले.

“फरक दिसतोय ना मॅडम? म्हणजे बोलेल ना आता?” मायाच्या नवऱ्याने, राजेंद्रने विचारलं. अंबरनाथच्या कंपनीतली ड्युटी सोडून तो आला होता. घरातली तालीम त्याला ठाऊक नव्हती.

“पहिल्या वेळी तो फार हलला होता. आता शांत राहिला. फरक नुसता त्याचाही असू शकतो.”

“पण शांत झाला तो सुयांमुळेच ना? मग अजून टोचा ना!”

मायाला गप्प बसता आलं असतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिने किती दिवसांनी पाहिला होता! पण सुया टोचताना पोराचे डोळे कसे होतात, तेही तिनेच पाहिलं होतं.

“सुयांनी नाय हो,” ती म्हणाली. “पडून राहायला मी शिकवलंय त्याला.”

घरी चप्पल काढताना राजेंद्र एवढंच म्हणाला, “बोलायची काय गरज होती तुला?”

मायाला रडू आलं. मग तिने खिशांचा गठ्ठा पुढे ओढला आणि मशीन सुरू केलं. कोपऱ्यात बाटल्यांची झाकणं मांडत बसलेला प्रज्वल मुकाट उठला. टेबलाखाली शिरून, हात अंगाला चिकटवून त्याने डोळे मिटले.

“नाय रे राजा, संपलं ते. ये ना वर.”

पायडलवरचा पाय तसाच ठेवून तिने फळीला स्वतःचा गाल लावला आणि त्याच्यासारखं हुं हुं करून पाहिलं.

खाली प्रज्वल अजिबात हलला नाही.